माळेगाव यात्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच कालवड उतरवायची आहे, लाल कंधारीवाल्यांनी मार्ग दाखवावा

मन्याडकाठ:

नमस्कार मंडळी. वाचतो बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या दावणीला तीन लाल कंधारी गायी आणि एक कालवड आहे, हरणी. घरच्याच गायीची, सव्वादोन वर्षांची. मागच्या महिन्यात लाळ्या-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर आले होते. बाकीच्यांना टोचून झालं, पण हरणीपाशी जरा जास्तच वेळ थांबले. पाठीवरून हात फिरवला, लांबून एकदा पाहिलं, बाबांना म्हणाले, "हिला यंदा माळेगावला न्या." झालं! तेव्हापासून बाबांना दुसरं काही सुचत नाही. सोयाबीन विकायचं राहिलंय, पण हरणीला दिवसातून दोनदा खरारा (ब्रशनं अंग घासणं) होतोय.

आता गावात जो तो सल्ला देतोय. एक म्हणतो रोज दोन-अडीच किलो सरकी पेंड चालू करा. दुसरा म्हणतो कणकेचे गोळे आणि गूळ. तिसरा म्हणतो गोडतेल पाजा, अंगावर चमक येते. बाबांनी तिन्ही एकदम चालू केलंय.

माझी अडचण वेगळी आहे. एक तर ती घरात गरीब, पण चारचौघांत बिथरते. हौदावर नेताना मी तिला नेत नाही, तीच मला नेते. दुसरं, पोटाखाली बेंबीच्या मागं रुपयाएवढा पांढरा ठिपका आहे. चुलते म्हणतात केसांचा कलप लावू, कोण वाकून बघतंय. यात्रेला सहा आठवडे राहिलेत. एवढ्यात काही होण्यासारखं आहे का, की पुढच्या वर्षी बघावं?

माणदेशी_खिलार:

आमच्याकडं खिलार, त्यामुळं तुमच्या जातीतलं सांगत नाही, पण कलपाचं तेवढं डोक्यातून काढा. आमच्या भागात एकानं बैलाच्या शिंगाला पडलेली चीर मेण भरून बुजवली होती. उन्हात मेण पाघळलं आणि सगळ्या मैदानाला दिसलं. अजून त्या माणसाला त्याच नावानं हाक मारतात.

हौदावर ओढते म्हणजे तुम्ही कासरा लांब सोडताय. म्होरकीपासून (तोंडावरच्या दोरीपासून) वीतभर अंतरावर धरा, तिच्या खांद्याला खांदा लावून चाला. पुढं राहून ओढाल तर ती मागं रेटणार, मागं राहाल तर ती पळणार.

आणि हे माळेगाव म्हणजे नाशिककडचं का? एवढ्या लांब कशाला नेताय?

कंधारीची_सून:

नाशिककडचं ते मालेगाव हो. हे माळेगाव, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं. मार्गशीर्षात यात्रा भरते. दरवर्षी कुणीतरी हा घोळ घालतंच.

मन्याडकाठ भाऊ, आधी तुमच्या बाबांना सांगा, ती कणीक आजच्या आज बंद करा. तेल तर बंदच. मी हे ऐकीव सांगत नाही, आमच्या घरात घडलेलं सांगते.

मी 1999 ला लग्न होऊन या घरात आले. माहेरी म्हशी होत्या, त्यामुळं मला वाटायचं जनावरातलं मला कळतं. सासऱ्यांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पहिल्याच आठवड्यात मला गोठ्यात उभं केलं आणि विचारलं, यातली कंधारी कुठली आणि नुसती लाल कुठली सांग. मला सगळ्या सारख्याच दिसल्या. मग त्यांनी दाखवलं. अंग एकसारखं गडद लाल, डोळ्याभोवती काळी कडा, नाकपुडी काळी, खूर काळे, शेपटीचा गोंडा काळा, कान लांब आणि खाली झुकलेले. आबांच्या वडिलांपासून ही ओळ घरात आहे. आज लहानमोठी अकरा जनावरं आहेत, त्यात एक वळू. कोणती कुणाची, तिची आई कोण, कोणत्या वळूची, हे आबा तोंडपाठ सांगायचे. मी ते वहीत उतरवलं. आता तिसरी वही चालू आहे. ओळखीसाठी कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचे बारा आकडे आले, तरी आमच्या घरात शब्द वहीचाच.

तर गोष्ट शेंदरी नावाच्या कालवडीची, 2011 सालची. अशी कालवड आमच्याकडं पुन्हा झाली नाही. आबांनी हट्टच धरला. सहा महिने सरकी पेंड, रात्री कणकेत गूळ. अंगावर माशी बसली तर घसरेल असं कातडं झालं होतं. एका तालुक्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला. आबांनी फेटा दोन दिवस उतरवला नाही. आणि मग ती गाभणच राहिना. दर एकवीस दिवसांनी माजावर यायची, कधी कृत्रिम रेतन करायचो, कधी घरचा वळू. पाच वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली. डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि बाहेर येऊन हात धुता धुता म्हणाले, "आबा, हिला रोग नाही, हिला चरबी आहे." वर्षभर पेंड तोडली, नुसत्या कडब्यावर आणि चरण्यावर ठेवली, तेव्हा कुठं धरली. व्यायली तर कासेत वासरापुरतंही दूध नाही. कालवड वयात येत असताना चरबी कासेतही भरते आणि दुधाची जागा खाते, हे मला नंतर कळलं. आबांनी तो फोटो भिंतीवरून काढला नाही, पण त्याच्याकडं बोट करून कधी काही सांगितलंही नाही.

म्हणून आमचा हिशोब साधा. बरगडी डोळ्याला दिसू नये, पण हात फिरवला की बोटाला लागली पाहिजे. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना मऊ गादीसारखं लागायला लागलं तर समजा जास्त झालं. हरणीच्या वयाला दहा-बारा किलो हिरवी वैरण, दोन-तीन किलो ज्वारीचा कडबा, किलो-सव्वा किलो खुराक आणि त्यात तीस ग्रॅम खनिज मिश्रण पुष्कळ झालं. चमक तेलानं येत नाही, जंताचं औषध वेळेवर दिल्यानं आणि रोजच्या खराऱ्यानं येते. तो खरारा मात्र बाबांना दोनाचा तीन वेळा करू द्या.

आता बिथरण्याचं. आमची एक कालवड भर मैदानात हलगी वाजली तशी उधळली होती. आबांनी कासरा हाताला गुंडाळलेला. हे कधीही करू नका, कासरा मुठीत घड्या घालून धरायचा, हाताला वेढा मारायचा नाही. तिनं आबांना पंधरा-वीस पावलं फरफटत नेलं. धोतर फाटलं, कोपर सोललं, आणि लोक हसले. आबा उठले ते तिलाच गोंजारायला लागले. घरी आल्यावर मला म्हणाले, "तिची चूक नाही. तिनं हलगी ऐकलीच कधी?" तेव्हापासून यात्रेआधी महिनाभर आमच्या गोठ्यात संध्याकाळी हलगी वाजते. आधी रेडिओवर जे लागेल ते लावायचो, आता पोरं मोबाईलवर लावतात. सुरुवातीला अगदी बारीक आवाजात, खुराक खाताना. तोंड खाण्यात असलं की कान फारसे बिचकत नाहीत. मग रोज थोडा थोडा मोठा.

चालवायचंही तसंच. पहिले चार दिवस नुसती म्होरकी घालून खुंट्याला तासभर बांधा. तिला स्वतःशीच ओढाओढ करून दमू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. मग तिच्या आईला पुढं घालून दोघींना फिरवा. नंतर आईशिवाय. रोज अनोळखी माणसाचा हात अंगावरून फिरला पाहिजे. शेजारच्यांना बोलवा, चहा पाजा आणि हात फिरवायला लावा. परीक्षक येऊन मानेखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, हातात घेतात, बरगडीवरचं कातडं चिमटीत धरून सोडतात, वाकून सड बघतात. चार सड एकसारखे, अंतर राखून आहेत का, पाचवं काही आहे का. तिथं लाथ मारली की झालं. तोंड उघडून दात दाखवायचीही सवय लावा. बहुतेक ठिकाणी दातावरच वयाचा गट ठरतो. सव्वादोन वर्षांची म्हणजे पुढचे दोन दुधाचे दात पडायला आलेत किंवा पडलेतही. रोज बघत राहा, यात्रेच्या आठवड्यातच दात पडले तर गट बदलेल आणि तिच्याहून मोठ्यांत उभी राहील.

उभी करताना चारी पाय चौरस, आणि जमलं तर पुढचे पाय बोटभर उंच जागेवर. पाठ आपोआप सरळ दिसते. ही काही लबाडी नाही, आपणही फोटोला ताठच उभं राहतो.

देवणीप्रेमी_उदगीर:

ताईंच्या एका शब्दालाही माझा विरोध नाही, फक्त त्या जातीला आहे. (गंमत करतोय.) आमच्याकडं देवणी. तुमचं बरं आहे, एकच रंग. आमच्यात रंगावरून वानेरा, शेवरा, बालंक्या असे प्रकार, आणि प्रत्येक घरातला म्हातारा सांगणार आमचीच खरी.

खुरांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खूर साळायचे असतील तर आताच साळून घ्या, आदल्या दिवशी नको. एखादा खूर जास्त कापला गेला तर जनावर आठ-दहा दिवस पाय आखडून चालतं. आम्ही एकदा तोच घोळ केला. चांगली गाय लंगडत आत गेली आणि लंगडतच बाहेर आली. अंघोळ आदल्या दिवशी दुपारी घाला, सकाळच्या थंडीत नको. आणि त्या दिवशी अंगाला तेल लावू नका, मैदानाची सगळी धूळ तिच्यावर बसते. तेल फक्त शिंगांना आणि खुरांना, तेही फडक्यानं पुसून घ्यायचं.

टेम्पोत तळाला माती किंवा वाळू टाका, वर पाचट. नुसत्या पत्र्यावर पाय घसरला की ती परत कधी टेम्पोत चढणार नाही.

मन्याडकाठ:

ताई, दादा, खरंच आभार. तुमचं लिहिलेलं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेंदरीपाशी आल्यावर ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं आत आले आणि आईला म्हणाले, "ती कणीक पोळ्यांना वापर."

काल दात बघितले. एक पडलाय, दुसरा हलतोय.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ठिपक्याचं काय? आणि हे सगळं करून हातात काय पडतं? भाऊ पुण्यात नोकरीला आहे, तो फोनवर हेच विचारतो आणि मला उत्तर देता येत नाही.

कंधारीची_सून:

ठिपका लपवू नका. कलप लावलेल्या जागेवरून ओलं फडकं फिरवलं तर कळतं. नाही फिरवलं तरी, काळपट लाल कलप आणि जातीचा लाल यात फरक असतो, जाणत्या डोळ्याला तो दोन हातांवरून दिसतो. विचारलं तर सरळ सांगा, आहे म्हणून. गुण कापतील, कापू द्या. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. तिच्या आईला ठिपका आहे का? आजीला? कोणत्या वळूची आहे ती? ते शोधा आणि लिहून ठेवा. रेतन केलं असेल तर कोणत्या वळूची कांडी (वीर्याची नळी) होती तेही विचारून घ्या. ठिपका वळूकडून आला असेल तर तो वळू पुन्हा वापरायचा की नाही, हे तुम्हाला आज ठरवायचंय, परीक्षकाला नाही.

आता हातात काय पडतं. बक्षीस मिळालं तर ते टेम्पोच्या भाड्यात आणि चार माणसांच्या जेवणाखाण्यात जातं. कधी कधी पदरचेही लागतात. दुधाचं म्हणाल तर कंधारी दिवसाला दोन-तीन लिटर देते, त्यात वासराचा वाटा. बैल म्हणून ही जात नांगराला, गाडीला दणकट, पण नांगर आता ट्रॅक्टरला जुंपलाय. गोऱ्हे पूर्वीसारखे पटापट विकले जात नाहीत. 2015 पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळं म्हातारं जनावर म्हणजे कडब्याचा खर्च, हे डोळे उघडे ठेवून धरायचं. आमचा जुना वळू चौदा वर्षांचा होऊन दावणीलाच गेला. शेवटचं वर्षभर त्याला दात नव्हते, सासूबाई त्याला भिजवलेली चुनी हातानं चारायच्या. भाऊंनी हिशोब मागितला तर हाही सांगा.

पण कालवड किंवा वळू मैदानात उभा राहिला की त्या दिवशी दहा जण फोन नंबर घेऊन जातात. मग वर्षभर जनावर घ्यायला कुणी ना कुणी येतं. आमच्या दोन्ही पोरींची शिक्षणं त्या येण्याजाण्यावर झाली, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. धाकटी आता पशुवैद्यकीयला आहे. सुट्टीत आली की मला वहीत चुका काढून दाखवते.

एक काळजी सांगते, ही विसरू नका. 2022 ला लम्पी, हा जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, आला. सप्टेंबरपासून राज्यात जनावरांचे बाजार, प्रदर्शनं सगळं बंद झालं. आम्ही कुठंही गेलो नव्हतो, तरी आला. माशा-डासांना कुठलं वेशीचं बंधन? पहिल्या दिवशी गायीनं नुसतं खाणं टाकलं. दुसऱ्या दिवशी मी मानेवर हात ठेवला तर हरभऱ्याएवढ्या गाठी लागल्या. त्याच्या पुढच्या दिवशी दिव्याच्या उजेडात बघितलं तर सगळ्या अंगावर, जणू कातड्याखाली कुणी खडे पेरलेत. पुढच्या पायाला सूज आली, बसली की उठता येईना. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस टोचत होते. आमच्याकडं टोचून झाली, पण उशिरा. दोन वासरं गेली. ती गाय वाचली. तिच्या अंगावर अजून वण आहेत, लाल केसांत गोल गोल टकलं पडल्यासारखे. पुढं प्रदर्शनं सुरू झाली तेव्हा आमच्या ह्यांनी तिलाच नेलं. मी म्हटलं, वण घेऊन कुठं नेता? तर म्हणाले, "तिचं अंग बघायला नाही, तिची वासरं बघायला नेतोय." मागं तिची दोन वासरं बांधली होती. नंबर नाही आला. त्यातला गोऱ्हा मात्र मैदानातूनच विकला गेला, वळू म्हणून, चांगल्या घरी.

तेव्हा यात्रेच्या महिनाभर आधी कोणकोणत्या लसी झाल्यात ते डॉक्टरांकडून बघून घ्या, आरोग्याचा दाखला काढा. आणि घरी परत आलात की हरणीला पंधरा-वीस दिवस बाकीच्यांपासून वेगळी बांधा. तिचं घमेलं वेगळं, बादली वेगळी. यात्रेहून आल्यावर सगळ्यांना कौतुकानं तिला गोठ्यात न्यायचं असतं. नेऊ देऊ नका, बाबांनी डोळे वटारले तरी.

आणखी एक, हे मला आबांनी शिकवलं. परक्या गावचं पाणी जनावर पीत नाही. दोन दिवस तोंड लावलं नाही की पोट खपाटीला जातं आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आठवडाभर आधीपासून घरच्या बादलीत सुपारीएवढा गूळ विरघळवा. तिथं गेल्यावरही तेवढाच टाका. तिला वाटतं घरचंच पाणी आहे. कडबा मात्र घरूनच न्या.

माणदेशी_खिलार:

गुळाचं आमच्याकडं कुणी सांगितलं नव्हतं. उद्यापासून करतो. ताई, तुमच्या वहीची एक-दोन पानं इथं टाकता येतील का? रकाने कसे आखलेत ते बघायचंय.

कंधारीची_सून:

फोटो काढून टाकते. रकाने कमी आहेत, शेरेच जास्त. एका पानावर आबांनी नुसतं लिहायला लावलंय, "ही मारकी, पण मनानं चांगली."

मन्याडकाठ:

आईला ठिपका नाही. आजीला होता म्हणे, पण ती जुनी गाय, फोटो नाही. आमची आजी सांगते की कासेजवळ होता, आजोबा म्हणतात नव्हताच. यावरून घरात दोन दिवस बोलणं बंद आहे. तरी वही आणलीय, पहिल्या पानावर दोघांची मतं लिहून ठेवली.

दुसरा दात काल पडला. तर आम्ही दोनदातीत.

आणि परवापासून गोठ्यात मोबाईलवर हलगी लावतोय. हरणीनं एकदा कान टवकारले आणि खुराक खात राहिली. आजी मात्र झोपेतून उठून बसली, म्हणाली, "एवढ्या रात्री कुणाची वरात आली रे?"